बसलेल्या बाईचं नाणं

रोमन चांदीचं नाणं हातात आलं की आधी राजाच्या तोंडाकडं बघू नये, कडेकडं बघावं. हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं. तेविसाव्या वर्षी मला याहून पुष्कळच जास्त कळत होतं, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

तेविसाव्या वर्षीची ती पोरगी आज रस्त्यात समोरून आली, तर मी पलीकडच्या बाजूला जाईन. चष्म्याचा नंबर पाव, रुबाब मात्र पाच नंबरचा. इतिहास घेऊन बी. ए. झालेली, दुसरा वर्ग, तोही काठावर. कॉलेजातल्या सरांनी एकदा वर्गाला म्युझियम दाखवायला नेलं होतं. तिथं काचेपलीकडची दोन रोमन नाणी तिनं गर्दीतून, दुसरीच्या खांद्यावरून पाहिली. त्या अर्ध्या तासाच्या भांडवलावर ती पुढं कित्येक वर्षं जगली. लग्न होऊन हुपरीला आली तेव्हा सासरच्या घरात दहावी झालेलंही कुणी नव्हतं. मग काय, वासरात लंगडी गाय शहाणी. कुणाचं पत्र आलं, औषधाची चिठ्ठी आली, सरकारी कागद आला, की मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, "धाकटीला बोलवा." आणि धाकटी पदराला हात पुसत, चष्मा वर सरकवत यायची. कागद वाचायच्या आधी एकदा हुंकार द्यायची.

घर चांदीचं. म्हणजे श्रीमंतांचं नव्हे, चांदीवर काम करणाऱ्यांचं. पुढच्या खोलीत भट्टी, मधल्या खोलीत तार ओढायची आणि कड्या जोडायची जागा, मागं स्वयंपाकघर. पैंजण करायचे. बायका भाकरी झाल्या की घुंगरं जोडायला बसायच्या. चांदीचा कीस केसात, पदरात, कधी भाकरीतसुद्धा. त्या घराचा एक नियम होता. मामंजी म्हणायचे, "घरात पडल्याली चांदी आणि बसल्याला मानूस, दोन्ही काळं पडत्यात." मोडकं जोडवं असो की कुणाचा जुना करंडा, चांदी दिसली की ती मुशीत जायची, वितळायची आणि पैंजण होऊन बाहेर पडायची. सूट फक्त देवघरातल्या चांदीला.

त्या देवघरात आक्काची सात नाणी होती. आक्का माझी थोरली जाऊ. तिचं माहेर पंचगंगेच्या काठावरचं, कोल्हापूरच्या अलीकडचं एक गाव. तिच्या वडिलांना रानात पोयट्याची माती काढताना मातीचं एक बोळकं सापडलं होतं, त्यात ही नाणी. लेकीच्या लग्नात त्यांनी दुसरं फारसं काही दिलं नाही. सात नाणी खणाच्या तुकड्यात शिवून दिली आणि मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की राजाची चांदी हाय, माझ्या रानातनं आल्याली. आक्का त्यांची पूजा करायची. नाण्याच्या एका बाजूला पुरुषाचं डोकं, दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई, एका हातात उंच काठी, दुसऱ्या हातात डहाळी. आक्काच्या लेखी ती अंबाबाई. डोकं कुणाचं ते तिनं कधी विचारलं नाही. "आसंल की कोनतरी पुजारी," म्हणायची.

एका दिवाळीआधी कामाला चांदी कमी पडली आणि मामंजींची नजर देवघराकडं गेली. ते जुलमी नव्हते. ते म्हणाले, "खरंच जुन्या राजाची आसली तर ऱ्हाऊद्यात. पर कुना सोनारानं पाडल्याल्या नान्यागत पुतळ्या आसल्या, तर देवाला त्येचं काय कौतिक? धाकटीला बोलवा."

धाकटी आली. पदराला हात पुसले, चष्मा वर केला, हुंकार दिला.

ती परीक्षा कशी झाली ते सांगते, कारण ती करणारी मीच होते आणि मला तिची कीव येत नाही. तिनं एक नाणं उचललं. राजाचं डोकं सरळ धरलं आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं नाणं उलटलं. मागची बाई उलटी निघाली, डोकं खाली, खुर्ची वर. दुसरं नाणं घेतलं, तिथं बाई आडवी. तिसऱ्यात तिरकी. आपला रुपया असा उलटला की मागचं सरळ दिसतं. तेव्हा तिनं जाहीर केलं, "राजाच्या टाकसाळीत असा गलथानपणा चालत नाही, मामंजी." टाकसाळ हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा. सगळे गप्प झाले. ह्या शांततेची तिला फार आवड होती.

मग तिला सापडला छिन्नीचा घाव. सातांपैकी चार नाण्यांवर, राजाच्या गालावर, एकेक खोल चीर होती. ती मामंजींनी लगेच ओळखली. आत तांबं नाही ना हे बघायला आमच्याकडं अनोळखी चांदीवर असाच घाव घालत. ते म्हणाले, "ह्यो तर आपल्यागत कुनी टाकल्याला घाव हाय." धाकटी म्हणाली, "म्हणजे नाणी सोनाराच्या हातून गेलेली आहेत. मग जमिनीतून कशी निघतील?"

बघा, कसं बिनतोड. वकिलाच्या घरी जन्मायची ती.

आक्का दारात उभी होती. हातात लाटणं होतं की काय ते आठवत नाही, पण काहीतरी होतं. ती म्हणाली, "व्हय गं? माझा बा खोटं बोलला?"

इथं जरा थांबायला हवं होतं. प्रश्न सात नाण्यांचा उरलाच नव्हता, एका माणसाच्या शब्दाचा होता. पण निकाल दिलेला मागं घ्यायचा कसा? मी मोठ्या मनानं म्हटलं, "आक्का, त्यांनासुद्धा कुणीतरी फसवलं असेल." आक्का म्हणाली, "फसवलं कसं आसंल? रानात घावली म्हनलावता त्यो. फसवून रानात कोन पुरतंय?" तिचा तर्क माझ्यापेक्षा सरळ होता. एक तर नाणी रानातली होती, नाहीतर बाप खोटा होता. मधली वाट नव्हती आणि पहिली वाट मी बंद केली होती.

सातही नाणी मुशीत गेली. चांदी लवकर वितळावी म्हणून टाकणखार टाकला, भाता चालला. राजा लवकर वितळला. वितळलेल्या चांदीची लगड ओतून गार झाल्यावर मामंजींनी ती हातात घेतली, वास घेतल्यासारखी नाकाजवळ नेली आणि म्हणाले, "चांदी लईच चोख निघाली की गं. खोट्या नान्याला एवढी चोख चांदी कोन घालंल?"

हा शेवटचा दरवाजा होता. कुणीतरी बाहेरून तो वाजवत होतं. मी म्हटलं, "देवाच्या कामासाठी पाडतात ना, म्हणून चोख घालतात, मामंजी." उत्तर नाही असं माझं कधी झालंच नाही.

पुढच्या पंचमीला आक्काचे वडील तिला न्यायला आले. डोक्याला पटका, हातात कापडी पिशवी, पिशवीत मक्याची कणसं. घरातलं कुणीतरी म्हणालं, "या पावणं. राजाकडनं आलासा न्हवं?" सगळे हसले. मीही हसले. म्हातारा हसला नाही. काय झालंय ते त्याला सांगितलं गेलं. तो म्हणाला, "आटीवली?" एवढंच. मग मुलीकडं बघून म्हणाला, "तुला तरी ठावं हाय न्हवं, बाय?" आक्का आत निघून गेली. त्यानं पाणी घेतलं, पिशवी उंबऱ्याजवळ ठेवली आणि परतीची एसटी धरली. पुन्हा तो हुपरीला आला नाही. आक्काही माहेरी गेली नाही. आठ-नऊ वर्षांनी तो गेल्याचा निरोप आला तेव्हा आम्ही दोघी घुंगरं जोडत बसलो होतो. मी म्हटलं, "आक्का, उठा." ती म्हणाली, "खोटं बोलून लेक उजवली त्यानं. मी न्हाय जायाची." आणि हातातली कडी मिटवली. मी तिला जास्त आग्रह केला नाही. तिचं म्हणणं मला थोडं बरोबरच वाटत होतं.

नंतर आम्ही कोल्हापूरला आलो. नवऱ्याची नोकरी, मुलांची शिक्षणं, नातवंडं, सगळं शाहूपुरीत झालं. नाण्यांचं मी विसरून गेले होते असं लिहायचा मोह होतो, पण तसं नाही. मी ती गोष्ट पाहुण्यांना सांगायची, विनोद म्हणून. अडाणी घर, अंबाबाई समजून पुजलेल्या पुतळ्या, आणि मी कशी क्षणात ओळखली. लोक हसायचे. नात लहान असताना तिलासुद्धा ती सांगितली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका हॉलमध्ये जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं. नात म्हणाली, "चल आजी, तुझा विषय आहे." गेले. एका टेबलामागं घड्याळं दुरुस्त करणारे एक भाई बसले होते. शाहूपुरीतल्या एका बोळात त्यांचं दुकान आहे, चेहऱ्यानं मी त्यांना ओळखत होते. नाण्यांचा नाद त्यांना वडिलांकडून आलेला. त्यांच्या ट्रेमध्ये, हिरव्या मखमलीवर, खुर्चीवर बसलेली बाई होती. उंच काठी, डहाळी. मी म्हटलं, "हे उलटून दाखवा." त्यांनी पान उलटावं तसं उलटलं. राजा आडवा. गालावर चीर.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"रोमचं, ताई. त्यांच्या दुसऱ्या बादशहाचं. दोन हजार वर्षं झाली. तिकडं दक्षिणेत लई सापडतात, आपल्याकडं कमी. ही बाई म्हणजे त्याची आई, असं बरेच जण म्हणतात."

नात म्हणाली, "आजी, तुझ्या गोष्टीतल्यासारखंच आहे की." मी म्हटलं, "सगळ्या बायका बसल्या की सारख्याच दिसतात." आणि पुढच्या टेबलाकडं गेले. तिथं काय होतं ते मला आठवत नाही.

आठवड्यानं मी भाईंच्या दुकानात गेले आणि म्हटलं, मला नाणी ओळखायला शिकवा. ते खूश झाले. त्यांना वाटलं म्हातारीला छंद लागला. खरी गोष्ट अशी, की मी नाणी शिकायला गेलेच नव्हते. आपला जुना निकाल बरोबर होता हे सिद्ध करायला गेले होते. एवढं वय झालं तरी ती चष्मेवाली पोरगी मेलेली नव्हती. माझ्याआधी ती दुकानात शिरायची.

वर्षभर जात राहिले. ते एका डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडायचे, मी दुसऱ्या भिंगातून त्यांची नाणी बघायची. कड बघायला शिकले. हातोडीच्या ठोक्यानं पाडलेल्या नाण्याची कड थोडी फाटते, ओतलेल्या खोट्या नाण्याच्या कडेला सांध्याची रेघ असते. अक्षरं कुठून वाचायची, कपाळावरची पानांची माळ कशी ओळखायची, डोक्यामागं तिच्या फिती कुठं लोंबतात, सगळं शिकले. आणि दर वेळी एक प्रश्न टाकायची, सहज विचारल्यासारखा.

"दोन्ही बाजू एका रेषेत नसल्या तर नाणं खोटं असतं ना?"

"न्हाई ताई. हातानं पाडायचे. वरचा ठसा हातात धरायचा, जसा बसेल तसा. उलट सगळी सरळ निघाली तर मला संशय येईल."

एक गेलं.

"पण हा सोनाराचा घाव? हा तर अलीकडचा असेल."

"घाव सोनाराचाच. पण त्या काळातल्या. परदेशी चांदी हातात आली की आपले लोक आधी छिन्नी मारून बघायचे, आत काय भरलंय म्हणून. म्हणून तर इकडची नाणी ओळखू येतात. हा घाव म्हणजे पासपोर्टवरचा शिक्का समजा."

ते हसले. मी मामंजींचं बोट बघत होते, त्या गालावर फिरणारं. आपल्यागत कुनी टाकल्याला घाव. बरोबरच तर म्हणाले होते ते. आपल्यागतच कुणीतरी, दोन हजार वर्षांपूर्वी. फक्त त्यानं घाव घालून, आतली चांदी बघून, नाणं नाणंच राहू दिलं. आम्ही जास्त शिकलेले.

शेवटी माझ्याकडं एकच पळवाट उरली. "इथल्या कुणी नक्कल पाडली असेल तर? तशाही असायच्या म्हणता ना?"

भाईंनी डोळ्याचं भिंग काढलं. "ताई, तुम्ही नाणी शिकताय का वकिली?" मग म्हणाले, "असायच्या की. पण त्यासुद्धा त्याच जमान्यातल्या. नक्कल असली तरी दोन हजार वर्षांची नक्कल. जमिनीतनंच यायची."

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. सात, बोळकं, मूस, चोख लगड, म्हातारा. ते ऐकत होते. त्यांनी दोष दिला नाही, समजूतही घातली नाही. फक्त विचारलं, "सातही?" मी मान हलवली. ते परत घड्याळाकडं वळले आणि बराच वेळ एकाच स्क्रूशी झटत राहिले. मी पायरी उतरले तेव्हा, "सांभाळून जा," एवढं म्हणाले.

त्यानंतर मी काही महिने काहीच केलं नाही. म्हाताऱ्या माणसाला काही न करण्याची सबब शोधावी लागत नाही. गुडघे, ऊन, पाऊस, लग्नसराई. पण सकाळी चहा टाकताना तो माणूस उंबऱ्याजवळ पिशवी ठेवताना दिसायचा. त्या कणसांचं काय झालं, कुणी खाल्ली, हेही मला आठवत नाही. बहुतेक मीच भाजली असतील.

नातीकडून त्या नाण्याचा मोठा फोटो छापून घेतला आणि हुपरीच्या बसमध्ये बसले. आक्का आता त्र्याऐंशीची. दारात खुर्ची टाकून बसलेली असते. आत मशीन चालतं, कड्या मशीनच जोडतं, तिला काम उरलेलं नाही.

"आलीस?" ती म्हणाली. "पोरानं सोडलं का बसनं?"

"बसनं."

"गुडघं बरं हाईत म्हनायचं. आमचं गेलं."

पाणी घेतलं. इकडचं तिकडचं झालं. मग मी पिशवीतून कागद काढला आणि सांगितलं. तालीम करून गेले होते. सोप्या शब्दांत, न रडता, स्वतःची बाजू न घेता. म्हटलं, "आक्का, तुमचे वडील खरं बोलले होते. मी चुकले. मला काही येत नव्हतं."

तिनं कागद घेतला. मोतीबिंदू काढल्यापासून तिला छान दिसतं. खूप वेळ बघितलं.

"ही न्हवं," म्हणाली.

"आक्का, हीच. खुर्ची, काठी, डहाळी."

"आमच्या देवीला चार हात हुतं."

"चार? दोनच होते, आक्का. मी बघितलंय."

"तू कुठं बघितलंस? तू उलटं धरूनशान बघत हुतीस." ती हे रागानं बोलत नव्हती. "माझा बा लबाड हुता. ते झालं, गेलं. तूच सांगितलंस की."

"तेच सांगतेय, ते चुकीचं सांगितलं होतं."

"तवा न्हवतीस चुकली. तवा शिकल्याली हुतीस. आता म्हातारी झालीस." मग माझ्या हाताकडं बघून म्हणाली, "तवाबी आसंच बोट नाचवत सांगत हुतीस."

मी बोट खाली घेतलं. आतलं मशीन मध्येच थांबलं, पुन्हा सुरू झालं. आक्कानं कागद मांडीवर उपडा ठेवला आणि त्याच्यावर तळहात ठेवला.

"आनि समज," ती म्हणाली, रस्त्याकडं बघत, "समज तू म्हनतीस तसं आसलं. मग मी त्येच्या मातीला गेले न्हाय, त्येचं काय करू? तू हुशार हाईस. सांग."

मी सवयीनं चष्मा वर सरकवला. टाकसाळ नाही, तर्क नाही, हुंकारही नाही. तिच्या हाताखालच्या कागदाचा कोपरा दिसत होता. तिनंच मला वाट दिली.

"नक्की सांगता येत न्हाय न्हवं तुला? ती नानी आता न्हाईतच. न्हाय न्हवं सांगता येत?"

मला सांगता येत होतं. कड, ठसा, घाव, चोख चांदी, सगळं एकाच ठिकाणी येऊन थांबत होतं. शपथेवर सांगितलं असतं. तिचा चेहरा बघितला आणि म्हटलं, "नाही आक्का. नाणं हातात असल्याशिवाय नक्की नाही सांगता येत."

"मग झालं की," ती म्हणाली. खांदे जरा खाली आले तिचे. कागद माझ्याकडं दिला आणि आत बघून सुनेला हाक मारली, "चा टाक गं, कोल्हापूरची पावणी आलीया."

त्या माणसाला मी दुसऱ्यांदा खोटं पाडलं. पहिल्या वेळी निदान मला काही येत नव्हतं.

चहा आला. आक्का म्हणाली, साखर कमी घालत्यात आजकालच्या पोरी. मी म्हटलं, चांगला झालाय. पुढची बस तासाभरानं होती. तोवर आम्ही दोघी दारात बसून राहिलो आणि रस्त्यावरून कोण जातंय ते बघत राहिलो.